विचारा की! घरच्या सगळ्यांना घेऊन नाताळच्या बाजारांना

गणपती गेले की कोल्हापुरात एकीकडं नवरात्राची तयारी सुरू होते आणि दुसरीकडं डिसेंबरच्या सहलीचं बुकिंग. या महिन्यात युरोपातल्या नाताळच्या बाजारांबद्दल इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की सगळं पान त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नेहमीसारखी नावं काढून फक्त गाव-पेठ ठेवलीय.

राजारामपुरीतून: ताई, आम्ही सहाजण आहोत, मी, मिस्टर, सासू-सासरे, मोठी ११ वर्षांची आणि धाकटा ६ चा. शाळेला सुट्टी २४ डिसेंबर ते २ जानेवारी. टूरवाले म्हणतात जर्मनीचे ख्रिसमस मार्केट दाखवतो, २५ ला रात्री मुंबईतून निघायचं, न्यूरेंबर्ग, रोथेनबुर्ग, कोलोन सगळं आहे त्यात. पुढच्या आठवड्यात पैसे भरायचेत. भरू का?

आत्ता भरू नका ताई, आधी हे वाचा. हे सगळे बाजार ख्रिसमस येईपर्यंतचे असतात, ख्रिसमस आला की संपले, आणि नेमकी हीच गोष्ट जाहिरातीत कुठं लिहिलेली नसते. २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार म्हणजे अ‍ॅडव्हेंट, त्यातला पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मधे कधीतरी पडतो, त्याच्या आगेमागे बाजार उभे राहतात आणि सणाची वाट बघायचे जे साडेतीन-चार आठवडे असतात त्यात सगळी मजा असते. २४ ची संध्याकाळ झाली की तिकडची माणसं घरी जातात, तो घरच्यांचा दिवस, आणि पुढं २५ आणि २६ दोन्ही दिवस जर्मनीत सार्वजनिक सुट्टी, दुकानंसुद्धा बंद. न्यूरेंबर्गचा बाजार २४ ला दुपारी मिटतो, ड्रेस्डेनचा आणि म्युनिकच्या मारिएनप्लाट्झचाही तसाच, कोलोनच्या कॅथेड्रलसमोरचा आणि रोथेनबुर्गचा तर २३ लाच. म्हणजे तुम्ही २६ ला सकाळी फ्रँकफर्टला उतरलात तर त्या चौकांत तुम्हाला स्टॉल उतरवणारी माणसं दिसतील, बाजार नाही दिसायचा. सहाजणांचे एवढे पैसे घालून हे बघायला जाऊ नये, हे मला अगदी कळकळीनं सांगावंसं वाटतं, कारण या महिन्यातल्या निम्म्या पत्रांत याच तारखा आहेत.

मग करायचं काय? माझ्या मते खरा रस्ता म्हणजे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जायचं, आणि त्यासाठी शाळेत आत्ताच बोलायचं. सहामाही दिवाळीच्या आधी होऊन गेलेली असते, डिसेंबरात असतं ते स्पोर्ट्स आणि गॅदरिंग, तेव्हा गॅदरिंगची तारीख तेवढी विचारून घ्या, मुलीचा डान्स बुडवून नेलं तर तिचं सगळं लक्ष इकडंच राहील. मुंबईहून म्युनिकला थेट विमान आहे. दोन रात्री म्युनिक, तीन न्यूरेंबर्ग, तीन ड्रेस्डेन, बास, यापेक्षा जास्त गावं घालू नका, सासू-सासरे बरोबर आहेत आणि रोज बॅगा भरायच्या म्हणजे त्यातच अर्धा जीव जातो. म्युनिक ते न्यूरेंबर्ग फास्ट गाडीनं सव्वा तास लागतो, पण बायर्न तिकीट म्हणून एक असतं, त्या एका तिकिटावर पाचजणांपर्यंत दिवसभर साध्या गाड्यांनी हिंडता येतं, वारी सकाळी ९ नंतर, वेळ थोडा जास्त लागतो पण पैसे पुष्कळ वाचतात. मुलांचा नियम तिकीट काढताना विचारून घ्या.

ड्रेस्डेन मी मुद्दाम घातलंय. तिथल्या श्ट्रिट्सेलमार्क्टची पहिली नोंद १४३४ सालची आहे, तेव्हा तो नाताळच्या आदल्या दिवशी भरणारा एक दिवसाचा बाजार होता, लोकांना सणाचं मटण घेता यावं म्हणून भरवलेला. आज चार आठवडे चालतो, आणि मधोमध लाकडाचा चौदा मीटरच्या वर उंच पिरॅमिड फिरत असतो, त्याच्या मजल्यामजल्यावर लाकडाची माणसं उभी असतात. तुमचा धाकटा तिथून हलायचा नाही.

शाळा अजिबातच सोडत नसेल तर दुसरा रस्ता, सुट्टीच्या तारखा त्याच ठेवून देश बदलायचा. प्रागच्या जुन्या शहराच्या चौकातला बाजार ६ जानेवारीपर्यंत असतो, बुडापेस्टचा वर्षाच्या शेवटापर्यंत, व्हिएन्नात टाउन हॉलसमोरचा मोठा बाजार २६ ला संपतो पण शोनब्रुन राजवाड्यासमोरचा जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालू असतो. व्हिएन्ना ते बुडापेस्ट ट्रेननं पावणेतीन तासाच्या आत, व्हिएन्ना ते प्राग चार तास, म्हणजे तीन शहरं आरामात होतात आणि व्हिएन्नाची डिसेंबरच्या बाजाराची परंपरासुद्धा थेट तेराव्या शतकाच्या शेवटापर्यंत मागं जाते, तेव्हा तुम्ही काही कमी बघताय असं नाही. फक्त प्रागला कोरुना आणि बुडापेस्टला फोरिंट चालतात, युरो घेऊन उभं राहिलात तर भाव वाईट मिळतो. फ्रान्समधे स्ट्रासबुर्ग साधारण नाताळपर्यंतच, जवळचं कोलमार त्याच्यापुढं आणखी थोडे दिवस.

आणि कुठलाही टूरवाला असू दे, त्याला एवढंच सांगा की ज्या तारखेला आपण ज्या गावात असू त्या तारखेला तिथला बाजार चालू असल्याचं लेखी द्या. प्रत्येक शहर आपल्या तारखा काही महिने आधी जाहीर करतं, त्यामुळं लेखी द्यायला अडचण काही नाही.

शाहूपुरीतून: व्हिसाचं कधी बघायचं? आणि तीन देश असले तर तीन व्हिसे लागतात का?

एकच. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स, चेक, हंगेरी सगळे शेंगेनमधे येतात, ज्या देशात रात्री जास्त त्या देशाकडं अर्ज. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो, पण १५ दिवसांवर थांबू नका, डिसेंबरसाठी अपॉइंटमेंट मिळायला गर्दी असते, दसऱ्याच्या आधीच तारीख धरून ठेवा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना काही नाही, सेंटरवाल्यांचा चार्ज वेगळा. १२ वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, मोठ्यांना मात्र स्वतः जावं लागतं, म्हणजे आजी-आजोबांची एक पुण्या-मुंबईची फेरी धरा. मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, सासऱ्यांना बीपी-शुगर असेल तर ते कव्हर होतंय का हे पॉलिसीत नीट वाचून घ्या, एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

गंगावेशीतून: आमच्या घरी सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत, मी आणि मुलगा मात्र सगळं खातो. तिथं दहा दिवस त्यांना काय घालायचं? नुसत्या ब्रेडवर ठेवायचं का?

ब्रेडवर नका ठेवू काकू, बाजारात त्यांच्यासाठी बरंच काही आहे, फक्त काय विचारायचं ते माहिती पाहिजे. सगळ्यात निर्धास्त म्हणजे भाजलेले चेस्टनट, गरम गरम कागदाच्या पुडीत देतात, आणि तांब्याच्या मोठ्या कढईत साखर-दालचिनीत परतलेले बदाम, त्याचा वास चौकात शिरायच्या आधीच येतो. भट्टीत भाजलेला बटाटा मिळतो, वर दह्यासारखं घट्ट क्वार्क घालून, तो पोटभरीचा. मश्रूम मोठ्या तव्यात परतून लसणाच्या सॉसबरोबर देतात, सॉसमधे मेयोनीज असेल तर अंडं आलं, तेव्हा सॉस बाजूला मागा. लांगोश म्हणजे तळलेली जाड पुरी म्हणा, वर लसूण आणि चीज, ते बहुतेकांना आवडतं, पण तळलंय कशात ते विचारायचंच, काही ठिकाणी डुकराची चरबी वापरतात.

आता जिथं फसगत होते ते सांगते. बटाट्याची धिरडी मिळतात, सफरचंदाच्या सॉसबरोबर खायची, दिसायला अगदी उपासाची वाटतात आणि पिठात बहुतेक वेळा अंडं असतं. भाजीचं सूप म्हणून जे देतात त्याचं पाणी मटणाचं असू शकतं. फ्लामकुखेन म्हणून पातळ रोटी असते तिच्यावर कांद्याबरोबर बेकनचे बारीक तुकडे असतात, बिनबेकनची करून मिळते पण सांगावं लागतं. मुलांच्या गमी गोळ्यांत जिलेटिन असतं. न्यूरेंबर्गच्या लेबकुखेनमधे म्हणजे मसाल्याच्या बिस्किटांत, त्यातल्या भारीतल्या एलिझेन प्रकारात तर नक्कीच, अंडं असतं. आणि सासूबाई अगदी काटेकोर असतील तर एक आणखी, राक्लेट किंवा एमेंटालसारखी पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं लावलेली असतात, हे त्यांना आधीच सांगा म्हणजे नंतर कळून त्यांना वाईट वाटायला नको. मोबाईलवर जर्मनमधे एक वाक्य लिहून ठेवा आणि स्टॉलवाल्याला दाखवा, तोंडी म्हणायचं तर "ओने फ्लाइश" म्हणजे मांस नको, "ओने आय" म्हणजे अंडं नको, आणि "ओने श्पेक" वेगळं म्हणा, कारण बेकनचे चार तुकडे कितीतरी लोक मांसात धरत नाहीत. गर्दी नसताना विचारलंत तर ती माणसं नीट उत्तर देतात, शुक्रवारी रात्री आठला विचारलंत तर कुणाला वेळ नसतो.

प्यायला मुलांना आणि सासूबाईंना किंडरपुन्श घ्या, फळांचा रस मसाले घालून गरम केलेला असतो, दारू नाही. ग्लूवाइन म्हणजे गरम वाइन, ती वेगळी. दोन्ही छान रंगीत मगमधे देतात आणि मगचे काही युरो डिपॉझिट घेतात, मग परत केला की पैसे परत, आवडला तर ठेवून घ्या. प्रत्येक शहराचा मग वेगळा आणि वर्ष छापलेला असतो, घरी आणायला याच्याइतकी स्वस्त आणि खरी आठवण दुसरी नाही.

घरून नेताना मात्र नियम पाळा. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमधे स्वतःच्या खाण्यासाठीसुद्धा नेता येत नाहीत. म्हणजे पेढे नाहीत, बर्फी नाही, साजूक तूप नाही. ताजा कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही नाहीत, ताज्या भाजी-फळांना सर्टिफिकेट लागतं, नारळ आणि केळी त्यातून वगळलेत. भडंग न्या, भाजणी न्या, मेतकूट, कांदा-लसूण चटणी न्या. किचन असलेलं अपार्टमेंट घेतलंत तर सकाळी थालीपीठ लावून बाहेर पडायचं, दुपारची काळजीच नाही.

आणि तुम्ही दोघं सगळं खाता म्हणता तर न्यूरेंबर्गला छोट्या पावात बोटाएवढे तीन सॉसेज मिळतात, "द्राय इम वेगला", ते खाल्ल्याशिवाय येऊ नका. तांबडा रस्सा खाणाऱ्याला अळणी लागेल, मोहरीची चटणी सढळ हातानं घ्या.

ताराबाई पार्कातून, निवृत्त शिक्षक: माझं वय ६८, पत्नी ६४. मुलगा नेतो म्हणतोय. थंडीचं भय वाटतं. बर्फात पत्नीला चालता येईल का?

सर, बर्फाची काळजी कमी करा. म्युनिक सोडलं तर या शहरांत नाताळात जमिनीवर बर्फ असणं आता कमीच, जाहिरातीतल्या फोटोंवर जाऊ नका. असतं ते ओलं धुकट आभाळ, दिवसा दोन ते पाच डिग्री, रात्री शून्याच्या आसपास, आणि चार-सव्वाचारला सूर्य मावळलेला. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे चौदा-पंधरा झालं की रंकाळ्यावर कानटोप्या दिसायला लागतात, तेव्हा तयारी ही लागणारच.

पण थंडी अंगाला कमी आणि पायाला जास्त लागते हे कुणी सांगत नाही. बाजारात तुम्ही चालत नसता, उभे असता, दगडी फरशीवर, अर्धा-अर्धा तास, आणि गारवा तळव्यातून वर येतो. म्हणून कोटावर पंधरा हजार घालण्यापेक्षा बुटांवर पैसे घाला, जाड तळव्याचे, पाणी न शिरणारे, आणि नेहमीपेक्षा एक नंबर मोठे, म्हणजे आत लोकरी मोजे बसतील आणि बोटं हलवता येतील, घट्ट बुटात दोन मोजे घातले की पाय उलट जास्त गार पडतात. बाई साडीच नेसत असतील तर नेसू देत, आत थर्मल आणि लोकरी लेगिंग, वर गुडघ्याच्या खाली येणारा कोट, साडी घोट्याच्या वर थोडी आखूड नेसायची म्हणजे काठ ओले होत नाहीत. पॅन्ट घातली तर जास्त सोपं जाईल, पण त्यासाठी भरीस पाडू नका.

वेळेचं असं करा, साडेतीनला बाजारात पोचायचं, उजेडात स्टॉल बघून घ्यायचे, दिवे लागताना तिथंच असायचं, ती वेळ सगळ्यात सुंदर असते, आणि सहा-साडेसहाला निघायचं. त्यानंतर ऑफिस सुटलेली माणसं येतात, शुक्रवार-शनिवारी तर खांद्याला खांदा लागतो आणि खिसेकापूही त्याच वेळेला असतात, पासपोर्ट हॉटेलवर ठेवा. मधे एकदा तरी चर्चमधे किंवा कॅफेत अर्धा तास बसायचं. सुटी नाणी जवळ ठेवा, टॉयलेटला बऱ्याच ठिकाणी पैसे पडतात आणि थंडीत जायला जास्त लागतं. बाजाराच्या तोंडाशी काँक्रीटचे अडथळे आणि पोलीस दिसतील, २०१६ च्या बर्लिनच्या आणि २०२४ च्या माग्डेबुर्गच्या हल्ल्यांनंतर बंदोबस्त कडक झालाय, ते बघून घाबरू नका.

इचलकरंजीतून: मुलगा ५ वर्षांचा, मुलगी ९ ची. मुलांना तिथं काय? नुसतं खरेदी आणि खाणं असेल तर कंटाळतील.

कंटाळत नाहीत. न्यूरेंबर्गला मोठ्या बाजाराला लागूनच हान्स-झाक्स-प्लाट्झवर खास मुलांचा बाजार असतो, जुन्या धर्तीचा दोन मजली कॅरोसेल, छोटी ट्रेन, आणि काही स्टॉलवर मुलांना स्वतःच्या हातानं कुकी, मेणबत्त्या करू देतात. पहिल्या अ‍ॅडव्हेंटच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी फ्राउएनकिर्खे चर्चच्या सज्ज्यात सोनेरी केस आणि उंच मुकुट घातलेली क्रिस्टकिंड, म्हणजे बाळ येशूच्या नावाची देवदूतासारखी सजलेली मुलगी, येऊन बाजार उघडते, शहरातल्याच १६ ते १९ वर्षांच्या मुलींतून दर दोन वर्षांनी तिची निवड होते, आणि पुढं काही ठरावीक दुपारी ती बाजारात येऊन मुलांशी बोलते. तुमच्या ९ वर्षांच्या मुलीला ती भेट मिळेल अशी तारीख बघा, इथं बसून केलेल्या प्लॅनिंगपैकी हे एक नीट जमलं तरी पुष्कळ.

५ डिसेंबरच्या रात्री तिकडची मुलं बूट पुसून दाराबाहेर ठेवतात, सकाळी सेंट निकोलसनं त्यात सुका मेवा, चॉकलेट ठेवलेलं असतं. त्या दिवशी तिथं असाल तर हॉटेलच्या खोलीच्या दारात तुम्हीही बूट ठेवा की. मात्र एक लक्षात ठेवा, त्याच दिवसांत म्युनिक, साल्झबुर्ग, सगळ्या आल्प्सच्या पट्ट्यात क्राम्पुसच्या, म्हणजे सेंट निकोलसच्या जोडीच्या राक्षसाच्या, मिरवणुका निघतात, शिंगं, केसाळ कातडी, कमरेला मोठ्या घंटा, आणि ते गर्दीत शिरून अंगावर येतात. मोठ्यांना बघायला भारी वाटतं पण ५ वर्षांचं पोर रात्रभर झोपणार नाही, त्याला लांबूनच दाखवा नाहीतर त्या रस्त्यानं जाऊच नका.

महाद्वार रोडवरून: माझं छोटं दुकान आहे, हस्तकलेच्या वस्तूंचं. तिथल्या बाजारात हातानं केलेलं अजून मिळतं का सगळं चायनाचंच? काय घेण्यासारखं आहे?

दादा, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण बहुतेक लोक तिथून मॅग्नेट घेऊन येतात. मिळतं, आणि अस्सल मिळतं, पण बाजूच्याच स्टॉलवर मशीनचंही असतं, डोळे उघडे ठेवून घ्यावं लागतं.

ड्रेस्डेनच्या दक्षिणेला एर्त्सगेबिर्गे म्हणून डोंगराळ भाग आहे, तिथं चांदी-कथलाच्या खाणी होत्या. खाणी आटत गेल्या तशी खाणकामगारांची घरं लाकडाच्या कामाकडं वळली, जाइफेन हे गाव त्यासाठी आजही प्रसिद्ध आहे. तिथून येतात ते अक्रोडफोडे शिपाई, तोंडातून उदाचा धूर सोडणारे म्हातारे, आणि खिडकीत ठेवायची दिव्यांची कमान, ती कमानसुद्धा खाणकामगारांच्याच परंपरेतली. पण तुम्ही बघाच असं म्हणेन ते छोटे प्राणी. लाकडाचं मोठं कडं लेथवर कातून घेतात, कड्यावर नुसत्या खाचा दिसतात, काय केलंय काही कळत नाही, आणि मग केक कापावा तसं ते कापलं की प्रत्येक फाकेला घोड्याचा नाहीतर गाईचा आकार निघतो. कातताना कारागिराला तो प्राणी दिसत नसतो, सगळा अंदाज हाताचा. सावंतवाडीची लेथवरची कामं तुम्ही बघितली असतील, त्यामुळं यातली कारागिरी तुम्हाला जेवढी कळेल तेवढी इतर कुणाला कळणार नाही. काचेचे गोळे घ्यायचे तर थुरिंजियातल्या लाउशाचे, तिथं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फुंकून गोळे करतात.

तिसरी वस्तू हेर्नहुटचा तारा. ड्रेस्डेनच्या पूर्वेला हेर्नहुट गाव आहे, तिथल्या मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळांत १८०० नंतरच्या दशकांत मुलांना भूमिती शिकवायला कागदाचे टोकदार तारे करायला लावायचे, पुढं अ‍ॅडव्हेंटमधे घराघरावर ते लागायला लागले, आत दिवा. दिवाळीत आपण कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन घरी आकाशकंदील करत बसतो तसंच हे, आणि सपाट घडी करून किटमधे मिळतो, २५ टोकं एकेक करून घरी जोडायची, बॅगेत जागा लागत नाही. लोकांना दाखवायला म्हणून का होईना दुकानात एक लावा.

खाण्याचं आणायचं तर ड्रेस्डेनचा श्टोलेन, म्हणजे मनुका घातलेला नाताळचा गोड पाव. कोल्हापुरी गुळाला आणि चपलेला जसा जीआय मिळालाय तसं त्यालाही युरोपात संरक्षण आहे, ड्रेस्डेन आणि आसपासच्या ठराविक बेकऱ्यांनीच तो त्या नावानं विकायचा, पाकिटावर सोनेरी सील असतं ते बघून घ्या. याची गोष्टही आपल्याला जवळची वाटेल अशी आहे, अ‍ॅडव्हेंट हा मुळात उपासाचा काळ, लोणी वर्ज्य, म्हणून श्टोलेन तेलात करायचे आणि तो काही चवीला लागायचा नाही, मग सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी रोमला विनंत्या केल्या आणि १४९१ मध्ये पोप इनोसंट आठवे यांनी लोणी वापरायची परवानगी दिली. बहुतेक ठिकाणी अंडं घालत नाहीत, पण मनुका रममधे भिजवलेल्या असतात, घरी वाटताना तेवढं सांगून वाटा. कित्येक आठवडे टिकतो.

आणि एक, वस्तू उलटी करून बघा, कारागिराचं नाव किंवा गावाचा शिक्का आहे का विचारा. महाग वाटेल. आपली हातानं शिवलेली चप्पल कुणी दोनशेला मागितली की आपल्याला काय वाटतं ते तुम्हाला सांगायला नको, तिथंही घासाघीस करू नका.

शिवाजी पेठेतून: आम्ही हिंदू. चर्चमधे गेलं तर चालतं का? तिथली माणसं आपल्याला कसं बघतात?

चालतं. टोपी काढायची, प्रार्थना चालू असेल तर मागं बसायचं, फोटो नाही काढायचे. संध्याकाळच्या गाण्याच्या कार्यक्रमांना अवश्य बसा, बरेचसे फुकट असतात.

दुसऱ्या प्रश्नाला मी एक खरी घडलेली गोष्ट सांगते. २०१९ ला न्यूरेंबर्गमधे क्रिस्टकिंड म्हणून जी मुलगी निवडली गेली तिचे वडील भारतीय वंशाचे. एका राजकीय पक्षाच्या स्थानिक शाखेच्या फेसबुक पानावर तिच्या दिसण्यावरून वाईट लिहिलं गेलं, आणि शहर तिच्या मागं उभं राहिलं, देशभरातून लोकांनी तिला पाठिंबा दिला, तिनं सज्ज्यातून बाजार उघडला. तेव्हा क्वचित एखादी वाकडी नजर दिसेलही, पण त्या गर्दीत गरम पेयाचा मग हातात घेऊन उभं राहिलात की शेजारचा माणूस स्वतःहून बोलायला लागतो, कुठून आलात विचारतो. ते गप्पा मारायलाच तिथं जमलेले असतात.

गडहिंग्लजवरून: हे सगळं वाचायला छान आहे पण सहाजणांचं युरोप आम्हाला परवडणारं नाही. जवळपास असं काही आहे का मुलांना दाखवायला?

आहे, आणि तुम्हाला तर आमच्यापेक्षा जवळ. कोल्हापुरात आधी न्यू शाहूपुरीतल्या वायल्डर मेमोरियल चर्चला नाताळात या. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं हे चर्च, आणि तिथली उपासना मराठीत चालते, त्यामुळं मुलांना सगळं समजतं.

आणि मग गोवा. बीचवाला गोवा नाही म्हणत मी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला शुक्रवार धरा आणि म्हापशाचा बाजार गाठा, तो शुक्रवारचाच असतो. नाताळाच्या आधी तिथं कुस्वाराचं म्हणजे नाताळच्या फराळाचं सामान येतं, नारळाच्या सारणाच्या नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, बोलिन्हा, शिवाय ताऱ्यांचे कंदील आणि येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात मांडायच्या मूर्ती. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्यांची सख्खी बहीण, तुमच्या आईला पहिल्या घासात कळेल. संध्याकाळी गावागावांतून गाडी सावकाश न्या, घरांवर तारे लागलेले असतात आणि अंगणात, चौकात गोठे मांडलेले असतात, वाड्यावाड्यांत त्यांच्या स्पर्धा असतात, मुलांनी उतरून बघितलं तर कुणी नको म्हणत नाही. २४ ला रात्री राहिलात तर मध्यरात्रीची प्रार्थना बऱ्याच चर्चमधे बाहेर मोकळ्या आवारात होते, मागं उभं राहून बघता येतं.

तुम्हाला आजरा, आंबोली, सावंतवाडी असा सरळ रस्ता आहे. आदल्या दिवशी दुपारी निघा, सावंतवाडीला चितारआळीत लाकडी खेळणी बघा, तिथंच मुक्काम करा, आणि पहाटे उठून म्हापशाला. बाजारात सकाळी लवकर जा, घरगुती केलेलं आणून बसणाऱ्या बायकांकडचं चांगलं सामान आधी संपतं, आणि कापडी पिशव्या घरूनच दोन-चार घेऊन जा.